ब्राका टेस्टचा आमच्या घरचा अनुभव: दोन लॅब आणि एक काउन्सेलर

ब्राका म्हणजे बीआरसीए १ आणि २ हे जीन, त्यात बिघाड असला की ब्रेस्टचा आणि अंडाशयाचा कॅन्सर व्हायचा धोका वाढतो, आणि तो बिघाड शोधायची ही रक्ताची टेस्ट. आधी स्टार सांगून टाकते. पहिल्या लॅबच्या ऑनलाइन पॅकेजला २ स्टार, तेही रक्त घ्यायला घरी आलेला मुलगा फार नीट वागला म्हणून. मुंबईच्या जेनेटिक काउन्सेलर मॅडमना ५ पैकी ५. दुसऱ्या लॅबला ४, एक कमी कारण रिपोर्ट सांगितलेल्या तारखेपेक्षा बारा दिवस उशिरा आला आणि ते बारा दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. नावं कुणाचीच लिहीत नाही कारण मला भांडायचं नाहीये. माझ्याकडून जी चूक झाली ती फोंड्यात, डिचोलीत, पेडण्यात दुसऱ्या कुठल्या बाईकडून होऊ नये एवढ्यासाठी लिहितेय.

मी फोंड्याची, वय ३८, दोन मुलं. माझ्या आत्याला २००९ साली ब्रेस्ट कॅन्सर झाला, तेव्हा ती ४१ वर्षांची होती. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ऑपरेशन झालं, केमो झाली, सगळं व्यवस्थित पार पडलं आणि तेरा वर्षं ती ठणठणीत होती, पापड लाटत होती, जत्रेला चालत जात होती. २०२२ मध्ये दुसऱ्या बाजूला गाठ आली. पहिली परत आलेली नव्हे, नवीनच. दोन्ही वेळेला ट्रिपल निगेटिव्ह. म्हणजे हॉर्मोनच्या गोळ्या ज्यावर चालत नाहीत तो प्रकार. त्यावेळी मला हा शब्द फक्त ऐकून माहीत होता. चाळिशीच्या आसपास झालेला कॅन्सर, ट्रिपल निगेटिव्ह, वर दोन्ही बाजूंना, या प्रत्येक गोष्टीवरून जीन तपासायला हवं हे मला कुणी त्यावेळी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं होतं, मला काही धोका आहे का म्हणून. ते म्हणाले, "तुझ्या आईकडे कुणाला नाही ना? मग काळजी करू नको, आत्या म्हणजे बाबांकडची." हे चूक आहे. हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. बीआरसीए १ हा जीन १७ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो आणि बीआरसीए २ हा १३ नंबरच्या, दोन्हींचा बाई-पुरुषाशी काही संबंध नाही, बाबांच्या अंगात असेल तर मुलीला किंवा मुलाला जायची शक्यता निम्मी-निम्मी, आईकडून जितकी तितकीच. फरक एवढाच की पुरुषांना त्याने कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे ज्या घराण्यात भाऊच जास्त आणि बहिणी कमी तिथे ते पिढ्यान् पिढ्या लपून राहतं. माझ्या बाबांना चार भाऊ आणि एकच बहीण.

तर मी काय केलं, रात्री मुलं झोपल्यावर मोबाइलवर शोधलं, ऑफर होती, ११,५०० रुपये, बीआरसीए १ आणि २, घरी येऊन रक्त, काउन्सेलिंग फ्री, आणि पैसे भरून टाकले. नवऱ्याला सकाळी सांगितलं. चौथ्या दिवशी मुलगा आला, जांभळ्या झाकणाची छोटी नळी, पाच मिनिटांचं काम. उपाशी राहावं लागत नाही. सव्वीस दिवसांनी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली, नऊ पानं, पहिल्याच पानावर हिरव्या चौकटीत निगेटिव्ह.

मी ऑफिसमध्येच रडले. संध्याकाळी बाबांना फोन केला, ते म्हणाले सोमवारी मंगेशीला जाऊन येऊ, आणि आम्ही गेलोही. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्यावरच थांबलं गो ते, देवाक काळजी." आम्हा सगळ्यांना पटलं ते.

तिसऱ्या पानावर एक ओळ होती, बीआरसीए २ मध्ये एक बदल सापडलाय आणि त्याचा अर्थ अनिश्चित आहे, व्हीयूएस म्हणतात त्याला. फ्री काउन्सेलिंगच्या फोनवर मी त्याबद्दल विचारलं. फोन नऊ मिनिटांचा होता, मी बघितलं नंतर कॉल लॉगमध्ये. पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम निगेटिव्ह आहे, टेन्शन घेऊ नका, हवं तर आमचं मोठं पॅनल, म्हणजे बरेच जीन एकदम बघणारी टेस्ट, करून घ्या, जुन्या कस्टमरना डिस्काउंट आहे. घरात कुणाला काय झालंय, किती वयात झालंय, हे तिने एकदाही विचारलं नाही. आणि सातव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, या टेस्टमध्ये मोठी डिलीशन आणि डुप्लिकेशन तपासलेली नाहीत असं लिहिलेलं होतं. ते मी वाचलं होतं. अर्थ कळला नव्हता, इतकंच.

पुढचे आठ महिने मी निवांत. त्या वर्षी मॅमोग्राफी करायचं ठरवलं होतं ते पण सोडून दिलं. याचा राग मला अजून आहे.

काउन्सेलर मॅडमचं नाव आत्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी सुचवलं, आत्यासाठी. त्या मुंबईत बसतात, पण पहिली भेट व्हिडिओवर होते, फी २,००० रुपये, आणि तासाभराचं सांगून एक तास दहा मिनिटं बोलल्या. मुंबईला जायचं म्हटलं की कोकणकन्येचं तिकीट, रजा, राहायची सोय, हे सगळं वाचलं. मी आत्याच्या सोबतीला म्हणून बसले होते आणि बाबा सहज.

त्यांनी आधी कागद घेतला. बायका म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, गेलेल्यांवर तिरकी रेघ, कॅन्सर झालेल्यांना काळं करायचं. आमच्याकडे वंशावळ आहे, देवळाच्या महाजनकीच्या कामासाठी काढलेली, सात पिढ्या आहेत त्यात, बाबांनी कौतुकाने आतून आणून दाखवली. मॅडमनी ती नीट बघितली आणि म्हणाल्या, "काका, यात बायका कुठे आहेत?" नाहीत. सातही पिढ्यांत एक बाई नाही. कोण कुणाचा मुलगा एवढंच.

मग त्यांनी बाबांना विचारलं, तुमची आई कशाने गेली? बाबा म्हणाले, "पोटात पाणी झालं होतं तिला." किती वय होतं? ते त्यांना माहीत नव्हतं, मी नववीत होतो म्हणाले, त्यावरून हिशेब केला तर ४५-४६. पोट फुगलं होतं का, जेवण जात नव्हतं का, किती दिवसांत गेल्या? पाच-सहा महिन्यांत. आणि आईच्या बहिणी? बाबा सोप्यावर बसून होते, हातात सुपारी आणि अडकित्ता तसाच राहिला होता. म्हणाले एक मावशी होती, तिच्या छातीला काहीतरी होतं, पाल्याचा लेप लावायचे, वास यायचा म्हणून आम्हा पोरांना त्या खोलीत सोडायचे नाहीत.

मॅडम जरा थांबल्या आणि दोन गोल काळे केले, एकात प्रश्नचिन्ह घातलं. म्हणाल्या की पोटात पाणी ही त्याकाळी बायकांच्या मरणाची खूप घरांत सांगितली जाणारी गोष्ट आहे, आणि त्यातला काही भाग अंडाशयाचा कॅन्सर असतो. तुमच्या आईला तोच होता असं मी आज छातीठोक सांगू शकत नाही, पण मी तसं धरूनच पुढे जाईन. बाबांना आई जाऊन पन्नासएक वर्षं झाली. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला त्या खोलीबद्दल सांगितलं.

मग मी माझा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला, जरा अभिमानानेच. त्यांनी नऊही पानं वाचली, मी समोर बसलेली असताना. आणि दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला अकरा हजार भरायच्या आधी कळायला हव्या होत्या.

एक म्हणजे, टेस्ट नेहमी ज्याला कॅन्सर झालाय त्याची आधी करायची. आत्याच्या रक्तात काय बिघाड आहे तो सापडला की मग बाकीच्यांत तोच शोधायचा, तेव्हा निगेटिव्हला अर्थ येतो. काय शोधायचं तेच माहीत नसताना निरोगी माणसाचा निगेटिव्ह म्हणजे ना धड हो ना धड नाही.

दुसरी डिलीशनची गोष्ट. ती त्यांनी जशी समजावली तशीच लिहिते कारण त्यानंतर मी ती दहा जणांना तशीच सांगितलीय. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची एक बाबांकडची. समजा चवथीला आरतीच्या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत. एका प्रतीत अक्षर चुकलंय, तर वाचताना लक्षात येतं. पण एका प्रतीतली दोन पानंच फाटून गेली असतील तर? दुसऱ्या प्रतीवरून म्हणणारे म्हणत राहतात, घुमट वाजत राहतं, आरती पूर्ण होते, कुणाला कळत नाही. अक्षरं वाचणारी साधी टेस्ट तशीच पुढे जाते. पानं मोजायला वेगळी तपासणी लागते, तिचं नाव एमएलपीए, किंवा लॅबने त्यांच्या पद्धतीत ती मोजणी घातलीय का ते स्पष्ट विचारायचं. आणि बीआरसीए १ मध्ये असे मोठे तुकडे गळण्याचे प्रकार बऱ्यापैकी असतात.

व्हीयूएसबद्दल त्या म्हणाल्या की ते विसरा. त्यावरून ऑपरेशन तर नाहीच, घरच्यांच्या टेस्टसुद्धा करायच्या नाहीत. जगभरच्या यादीत आपल्या लोकांची माहिती कमी असल्यामुळे आपल्याकडे हे अनिश्चित जास्त निघतात आणि पुढे त्यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. वर्षा-दोन वर्षांनी लॅबला विचारत राहा एवढंच.

आत्याची टेस्ट २४,००० ला झाली, बरेच जीन असलेलं पॅनल अधिक एमएलपीए. आम्ही भावंडांनी मिळून भरले. बीआरसीए १ मधला एक तुकडा गळलेला निघाला, पॅथोजेनिक, म्हणजे आजाराला कारण होणारा. मग माझं रक्त परत, यावेळी फक्त तेवढंच बघायला, ५,५०० रुपये. पॉझिटिव्ह.

मंगेशीला जाऊन आल्यानंतर जेमतेम वर्षभराने.

बाबांनी मॅडमना विचारलं माझं पण रक्त घ्या. त्या म्हणाल्या, "काका, गरज नाही, तुमच्या बहिणीतही तेच आणि मुलीतही तेच, म्हणजे ते तुमच्यातूनच गेलंय, उत्तर आलेलंच आहे." त्यांनी हे अगदी हळू सांगितलं तरी बाबांना ते लागायचं तसं लागलंच. दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी नारळ घेऊन आले, चार नारळ आणि अळूची पानं, दारातच उभं राहून म्हणाले, "माझ्याकडून गेलं गो तुला." मी म्हटलं बाबा, तुमच्याकडून नाक पण आलंय, आवाज पण आलाय. तेव्हा बसले, चहा घेतला.

मॅडमनी त्यानंतर दुसरी भेट दिली, तिचे पैसे घेतले नाहीत. आकडे सांगितले. २०१७ साली जवळजवळ दहा हजार बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झालाय, त्यानुसार बीआरसीए १ असलेल्या १०० बायकांपैकी ८० व्या वर्षापर्यंत साधारण ७२ जणींना ब्रेस्ट कॅन्सर आणि ४४ जणींना अंडाशयाचा. बीआरसीए २ ला ते आकडे ६९ आणि १७. ७२ ऐकल्यावर माझे कान बंद झाले. त्यांनी ते ओळखलं आणि म्हणाल्या आता तुम्ही वही काढा, मी बोलते तसं लिहा, घरी जाऊन वाचा. आणि हे आकडे आयुष्यभराचे आहेत, उद्याचे नाहीत. ही वही माझ्याकडे आहे.

ब्रेस्टसाठी रस्ते दोन. एक म्हणजे दर वर्षी एमआरआय आणि ३० नंतर मॅमोग्राफी पण, मी दोन्ही सहा-सहा महिन्यांच्या अंतराने करते. दुसरा म्हणजे दोन्ही स्तन आधीच काढणं, अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये केलं ते, त्याने धोका नव्वद टक्के किंवा जास्तच कमी होतो. मॅडमनी कुठलाच ढकलला नाही. अंडाशयाच्या बाबतीत मात्र त्या स्पष्ट बोलल्या, की तिथे भरवशाची तपासणीच नाही, सोनोग्राफी आणि सीए १२५ ही रक्ताची टेस्ट करत राहिलं म्हणून जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे मुलं झाली असतील तर बीआरसीए १ वालीने ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय आणि नळ्या काढायचा विचार करावा. त्याने पाळी एकदम बंद होते, हाडांचं, झोपेचं, मनाचं काय होतं ते पण सांगितलं. माझं ऑपरेशन डिसेंबरमध्ये ठरलंय.

स्तनांसाठी मी सध्या तपासणीचा रस्ता घेतलाय. एमआरआयबद्दल इथे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. फोन करताना ब्रेस्ट कॉइल, म्हणजे छातीच्या एमआरआयसाठी लागणारा मशीनचा खास भाग, आहे का ते आधी विचारा, एका ठिकाणी रिसेप्शनवर कुणालाच ते काय हे माहीत नव्हतं आणि "होऊन जाईल मॅडम" म्हणाले, मी तिथे गेले नाही. पाळीच्या ७ व्या ते १४ व्या दिवसांत तारीख घ्या, नाहीतर चित्रात नसत्या गोष्टी दिसतात. पालथं झोपायचं, छातीखाली दोन खळगे असतात, हात डोक्याच्या वर, शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणूनचं औषध, देतात तेव्हा दंडापासून थंड वर चढत जातं. अर्धा-पाऊण तास हलायचं नाही. पहिल्याच वेळी माझ्या डाव्या बाजूला ६ मिलीमीटरचं काहीतरी दिसलं, मग सोनोग्राफी, मग सुई घालून बायोप्सी. साधी गाठ निघाली, फायब्रोअॅडिनोमा. पण ते पंधरा दिवस मी मुलीच्या वेण्या घालताना हात थरथरायचे. एमआरआय घेतला की असं होणार, ते नको तेही शोधतो, हे मॅडमनी आधीच लिहून दिलं होतं. म्हणून मी टिकले.

सरकारची स्वस्थ महिला स्वस्थ गोवा ही तपासणी पण मी केली होती, युवराज सिंगच्या यूवीकॅन फाउंडेशनबरोबर २०२१ मध्ये सुरू झालेली, आरोग्य केंद्रात आयब्रेस्ट म्हणून हातात धरायचं यंत्र असतं, दुखत नाही, रेडिएशन नाही. चांगली सोय आहे, जरूर जा. पण ते यंत्र आज गाठ आहे का ते बघतं, जीनचं त्याला कळत नाही. दोन्हींची गल्लत करू नका, माझ्या एका मैत्रिणीने केली. आणि कुणाचा भाऊ अमेरिकेतून लाळेची किट पाठवतो म्हणाला तर तेही बघून. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीच्या किटला २०१८ मध्ये तिकडे परवानगी मिळाली तेव्हा ती दोन्ही जीन मिळून फक्त तीन बदल बघत होती, जे अश्केनाझी ज्यू लोकांत जास्त आढळतात, आणि आमचा फाटलेला तुकडा त्यात दिसलाच नसता.

मॅडमनी अजून एक केलं ज्याला मी सहावा स्टार दिला असता. त्यांनी नातेवाइकांना द्यायचं एक पत्र लिहून दिलं, साध्या मराठीत, एका पानाचं, की घरात असा बदल सापडलाय, तुम्हालाही असू शकतो, काय टेस्ट मागायची, आणि न करायची तरी तुमची मर्जी. कारण मी तोंडाने सांगायला गेले तिथे काय झालं ते सांगते. एका काकूने मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं आणि म्हणाली, "हे बाहेर बोलू नकोस, पोरीचं बघतोय आम्ही." मला तिचं चुकतंय असं म्हणवत नाही, आमच्याकडे घराण्यात काय आहे हे लग्न जमवताना कसं विचारतात ते मलाही माहीत आहे. पण तिची मुलगी २९ वर्षांची आहे, आणि पत्र मी तिच्या हातात दिलंय, काकूच्या नाही.

आत्याच्या मुलीचं मात्र निगेटिव्ह आलं, खरं निगेटिव्ह, कारण काय शोधायचं ते माहीत होतं. आता तिचा धोका चारचौघींसारखा. माझ्यासमोर आनंद दाखवायला तिला लाज वाटत होती. मी तिला मिठी मारली तेव्हा ती सुटली आणि मग आम्ही दोघी कितीतरी वेळ रडलो, आत्या मध्येच येऊन "पुरे झालं, सोलकढी घ्या" म्हणाली.

माझी मुलगी अकराची आहे, मुलगा सात. लहान मुलांची ही टेस्ट करत नाहीत, ती मोठी झाल्यावर स्वतः ठरवतील. तोवर वही त्यांच्यासाठी ठेवलीय, आणि देवळाच्या वंशावळीची झेरॉक्स काढून त्यात बाबांनी पेनने बायकांची नावं घातलीत, आठवली तेवढी. आजीच्या नावापुढे पोटात पाणी, मावशीपुढे छातीत गाठ, वयासकट.

टेस्टला जायच्या आधी एवढं विचारा. घरात कॅन्सर झालेलं कुणी हयात आहे का, असेल तर त्याचं आधी. पॅकेजमध्ये डिलीशन-डुप्लिकेशन आहे का, लेखी. काउन्सेलर टेस्टच्या आधी बोलणार की नंतर, आणि वंशावळ काढणार का. आरोग्य किंवा आयुर्विमा घ्यायचा असेल तर तो विचारही टेस्टच्या आधी करा, हे पण मॅडमनीच सांगितलं होतं.

भाऊ वर्षभर नको म्हणत होता, त्याची मुलगी चार वर्षांची. पत्र त्याने पाकिटात ठेवलं होतं, घडी पडून मऊ झालं होतं. मागच्या सोमवारी तोच फोन करून म्हणाला, रक्त दिलंय. बाबा त्याच्या सोबत गेले होते. रिपोर्टला चार आठवडे सांगितलेत.